तीन कॉइल, तीन ट्रिमर: बिटएक्स-२०च्या फिल्टरचे अलाइनमेंट

हौशी रेडिओच्या संचातील फिल्टर जुळवायचा म्हणजे कानाला हेडफोन लावून एखादे स्टेशन पकडायचे आणि आवाज सर्वांत मोठा होईल तिथे ट्रिमर, म्हणजे पेचकसाने फिरवून बदलायचा लहान कपॅसिटर, सोडून द्यायचा, ही रीत आपल्याकडे जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या दुरुस्तीपासून चालत आलेली आहे. फिल्टरमध्ये एकच कॉइल असेल तर ती पुरेशी आहे. तीन कॉइल एकमेकींशी जोडलेल्या असतील तर मात्र ती अपुरी पडते, कारण एक ट्रिमर फिरवताना उरलेल्या दोन कॉइलही त्या बदलात भाग घेतात आणि कानाला सापडलेले शिखर एका वारंवारतेपुरते खरे असते, वारंवारतांच्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना ते लागू पडत नाही. इंदूरमधील माझ्या घरी बिटएक्स-२० या संचाचे अलाइनमेंट, म्हणजे फिल्टरची जुळणी, मी ज्या क्रमाने केले तो क्रम, आणि त्यापेक्षाही त्यामागची कारणे, येथे सविस्तर लिहीत आहे.

बिटएक्स-२० हा हैदराबादच्या अशहर फरहान यांनी आरेखित केलेला, २० मीटरच्या पट्ट्यावर चालणारा सिंगल साइडबँड (संकेताच्या दोन बाजूंपैकी एकच पाठवणारा) ट्रान्सीव्हर, म्हणजे ऐकणे आणि बोलणे दोन्ही करणारा संच, आहे. बाजारात सहज मिळतील अशाच सुट्या भागांतून तो बांधता यावा, हा त्या आराखड्यामागचा विचार होता, आणि टोरॉइड (कॉइल ज्यावर गुंडाळतात ती लोहचूर्णाची कडी) सगळीकडे मिळत नसल्यामुळे कॉइल गुंडाळण्यासाठी चक्क नळाचे प्लास्टिकचे वॉशर वापरण्याची सोय त्यात होती. मी पोस्टाने मागवलेले टी-५०-६ जातीचे पिवळे टोरॉइड वापरले, पण वॉशरच्या त्या कल्पनेबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो; तिच्यामुळे आपल्या देशातील कितीतरी हौशी लोकांनी आयुष्यातील पहिला संच स्वतःच्या हाताने बांधला.

संचाचे गणित थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. सोयीसाठी आकडे गोल धरू. क्रिस्टल फिल्टर (अगदी अरुंद पट्टाच पुढे सोडणारा फिल्टर) १० मेगाहर्ट्झचा आहे आणि व्हीएफओ (डायलने वारंवारता बदलता येणारा ऑसिलेटर) ४ मेगाहर्ट्झपासून वर चालतो, त्यामुळे १० आणि ४ मिळून १४ मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकू येतो. पण मिक्सरला, म्हणजे दोन वारंवारता एकत्र करणाऱ्या भागाला, बेरीज आणि वजाबाकी यांतला फरक कळत नाही. ६ मेगाहर्ट्झचा संकेत आत शिरला तर तोही ४ मेगाहर्ट्झशी मिळून १० होतो आणि क्रिस्टल फिल्टरमधून सुखरूप पार पडतो. यालाच इमेज म्हणतात. आता ५.९ ते ६.२ मेगाहर्ट्झ हा ४९ मीटरचा प्रसारण पट्टा आहे आणि रात्री तिथे फार शक्तिशाली शॉर्टवेव्ह केंद्रे चालतात. म्हणजे आपल्या पट्ट्याच्या खालच्या १०० किलोहर्ट्झची इमेज नेमकी त्या केंद्रांच्या गर्दीत पडते. तिला अडवण्याचे काम अँटेना आणि मिक्सर यांच्यामधल्या बँडपास फिल्टरचे, म्हणजे फक्त आपला पट्टा पुढे सोडणाऱ्या तीन कॉइलच्या फिल्टरचे.

हा फिल्टर केवळ ऐकण्यापुरता नाही, हे बिटएक्सच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे आहे. या संचातील अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही दिशांनी चालतात आणि तोच बँडपास फिल्टर, तोच क्रिस्टल फिल्टर प्रक्षेपणातही वापरला जातो. बोलताना १० आणि ४ यांची बेरीज १४ मेगाहर्ट्झवर बाहेर पडते आणि वजाबाकी ६ मेगाहर्ट्झवर. अँटेनाच्या बाजूचा लो-पास फिल्टर १४च्या वरचे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतले संकेत) रोखतो; ६ मेगाहर्ट्झला त्याची आडकाठी मुळीच नाही. त्यामुळे बँडपास फिल्टर नीट नसेल तर आपल्याला कमी ऐकू येते एवढ्यावर भागत नाही, आपला कचरा दुसऱ्याच्या पट्ट्यात जाऊन पडतो. अलाइनमेंटला मी एवढे महत्त्व देतो ते मुख्यतः याच कारणासाठी.

फिल्टरची बांधणी अशी होती. प्रत्येक टोरॉइडवर १७ वेढे, म्हणजे सुमारे १.१६ मायक्रोहेन्री. पट्ट्याच्या मध्यावर, १४.१७५ मेगाहर्ट्झला, अनुनाद येण्यासाठी त्याला एकूण १०९ पिकोफॅराड लागतात. त्यांतले ८२ पिकोफॅराड कायमच्या कपॅसिटरचे, काही जोडणीच्या कपॅसिटरचे, चार-पाच बोर्डाच्या तांब्याचे आणि उरलेले २२ पिकोफॅराडच्या ट्रिमरमधून मिळवायचे. शेजारच्या दोन कॉइलना जोडणारा कपॅसिटर फक्त ३.३ पिकोफॅराडचा आहे, आणि फिल्टर किती रुंद होईल हे मुख्यतः तोच ठरवतो. पहिल्या आणि शेवटच्या कॉइलवर दोन-दोन वेढ्यांची वेगळी गुंडाळी घालून ५० ओहमशी जुळणी केली. तार मोटर वाइंडिंगच्या दुकानातून आणली. तिथे सगळ्या जाडीची एनॅमलची तार वजनावर मिळते आणि पाव किलोत अनेक संच होतात. टोरॉइडवर वेढे मोजताना तार भोकातून जितक्या वेळा जाते तितके वेढे धरायचे असतात, बाहेरून दिसणाऱ्या तारा नव्हेत. ८२ पिकोफॅराडचे कपॅसिटर मी सीझीरोजी जातीचे घेतले, कारण इंदूरच्या मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत दुपारी आणि पहाटे तापमानात मोठा फरक पडतो आणि साधे डिस्क सिरॅमिक त्यात स्थिर राहत नाहीत.

ट्रिमर लावताना एक बारीक गोष्ट पाळली, जिचा पुढे फार उपयोग झाला. ट्रिमरच्या दोन बाजूंपैकी स्क्रूला जोडलेली बाजू कोणती हे मल्टिमीटरने तपासून ती अर्थला जोडली. स्क्रू कॉइलच्या गरम टोकाला असेल तर पेचकस टेकवताच हाताची कपॅसिटी सर्किटला मिळते आणि पेचकस उचलला की जुळणी सरकते. तरीही धातूचा पेचकस टाळलाच. प्लास्टिकची विणायची सुई घेऊन तिचे टोक कानशीने चपटे केले. त्याच्याइतके सोयीचे हत्यार या कामासाठी दुसरे नाही.

जुळणीच्या पद्धतीबद्दल मी रामबागेतल्या एका ज्येष्ठ हॅमना (हौशी रेडिओवाल्यांना) विचारायला गेलो होतो. दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. "काका, तिन्ही ट्रिमर मध्यावर ठेवून नुसत्या नॉइजचं शिखर गाठलं, पीक केलं, तर चालेल ना?" असे मी विचारले. ते म्हणाले, "अरे, तिघी एकदम बोलत असताना तुला कोणाचं ऐकू येणार? तंबोरा लावतोस तेव्हा बाकीच्या तारांवर बोट ठेवतोस की नाही? आधी शेजारणींना चूप कर, मग एकेकीला विचार." आणि त्यांनी मला डिशल यांची पद्धत समजावून सांगितली.

मिल्टन डिशल यांनी ही पद्धत १९५१ साली प्रोसीडिंग्ज ऑफ द आयआरई या रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात मांडली. तिच्यातले मर्म असे की, फिल्टरमधील प्रत्येक कॉइलची स्वतःची वारंवारता ठरवायची असेल तर तिच्या शेजारच्या कॉइल शॉर्ट करायच्या. शॉर्ट केलेल्या शेजारणीमुळे जोडणीच्या कपॅसिटरचे दुसरे टोक थेट अर्थला जाते, त्याचे ३.३ पिकोफॅराड आपोआप या कॉइलच्या एकूण कपॅसिटीत मोजले जातात आणि शेजारणीचा स्वतःचा अनुनाद मध्ये येत नाही. अशा स्थितीत प्रत्येक कॉइल एकाच मध्य वारंवारतेला जुळली की संपूर्ण फिल्टर जुळला. यात सुंदर भाग हा की मोजमाप सगळे पहिल्या कॉइलवरच घ्यायचे, प्रोब (मोजणीचे टोक) शेवटपर्यंत हलवायचा नाही. पहिली कॉइल जुळवताना प्रोबवरचे वाचन जास्तीत जास्त करायचे, दुसरी मोकळी करून तिचा ट्रिमर फिरवताना तेच वाचन कमीत कमी करायचे, तिसरीला पुन्हा जास्तीत जास्त. चौथी असती तर पुन्हा कमीत कमी.

असे उलटसुलट का होते, हे मला प्रत्यक्ष काम करण्याआधी समजून घ्यायचे होते. दोन कॉइलमधला जोडणीचा कपॅसिटर अवरोध (इम्पीडन्स) उलटा करून दाखवतो. दुसरी कॉइल अनुनादात आली की तिचा स्वतःचा अवरोध फार मोठा होतो, पण जोडणीच्या पलीकडून पाहिल्यास तो पहिल्या कॉइलवर फार लहान अवरोधाच्या रूपात पडतो, जणू पहिलीच शॉर्ट झाली. म्हणून वाचन खाली येते. तिसरी अनुनादात आली की ती दुसरीला शॉर्ट करते, आणि दुसरी शॉर्ट झाली की पहिली पुन्हा मोकळी होते. म्हणून वाचन वर चढते. हे एकदा मनात पक्के बसले की हातातला ट्रिमर फिरवताना आपण काय करत आहोत याची पूर्ण जाणीव राहते, आणि माझ्या मते अलाइनमेंटचा खरा आनंद तिथेच आहे.

संकेतासाठी एसआय५३५१ या वारंवारता निर्माण करणाऱ्या चिपची एक लहानशी पाटी वापरली. ती १४.१७५ मेगाहर्ट्झ देते आणि क्रिस्टलवर चालत असल्याने जागची हलत नाही. तिच्यापुढे ६ डेसिबलचा रोधकांचा पॅड (संकेत क्षीण करणारी जोडणी) ठेवला, म्हणजे फिल्टरला आपल्या मागे नेहमी ५० ओहमच दिसतात, आणि फिल्टरच्या दुसऱ्या टोकाला ५१ ओहमचा रोधक लावला. हा शेवटचा रोधक विसरता कामा नये. तिसरी कॉइल भाराविना ठेवली तर तिचे वर्तन प्रत्यक्ष संचातल्यासारखे राहत नाही. प्रोब म्हणजे ओए७९ हा जर्मेनियम डायोड, एक कपॅसिटर आणि मल्टिमीटर. तो पहिल्या कॉइलला थेट जोडायचा नाही, कारण प्रोबची कपॅसिटीच तिला खाली ओढेल. दोन बारीक इन्सुलेटेड तारांना सेंटीमीटरभर पीळ देऊन साधारण एक पिकोफॅराडची जोडणी केली. एवढ्या सैल जोडणीतही मल्टिमीटरला पुरेसे वाचन मिळते, कारण दोन वेढ्यांपासून १७ वेढ्यांपर्यंत जाताना संकेताचा दाब बराच चढतो.

दुसरी आणि तिसरी कॉइल शॉर्ट करण्यासाठी मगरचिमट्यांच्या लांब वायरी वापरल्या नाहीत. १४ मेगाहर्ट्झला चार बोटे लांबीच्या वायरीलाही स्वतःचे इंडक्टन्स असते आणि मग ते खरे शॉर्ट राहत नाही. रोधकांचे छाटलेले पाय घेऊन ते प्रत्येक ट्रिमरच्या दोन टोकांमध्ये सोल्डरने टाकले.

पहिल्या ट्रिमरचे शिखर रुंद होते, कारण त्या कॉइलवर पॅडच्या ५० ओहमचा भार असतो. सुई थोडी इकडे-तिकडे केली तरी वाचन फारसे बदलत नाही, म्हणून शिखराच्या दोन्ही बाजूंना वाचन सारखेच पडते ती दोन ठिकाणे पाहून त्यांच्या मधोमध ट्रिमर ठेवला. त्यानंतर दुसऱ्या कॉइलवरचा छाटलेला पाय काढला. काढताक्षणी वाचन थोडेसे हलले, आणि ट्रिमर सावकाश फिरवताना एका ठिकाणी ते झपाट्याने कोसळले. ही दरी फार अरुंद असते. दुसऱ्या कॉइलवर बाहेरचा कसलाही भार नसल्यामुळे तिचा क्यू (अनुनादाची तीक्ष्णता) पूर्णपणे तिचा स्वतःचा असतो, आणि ट्रिमरचा केसभर फरकही वाचनात दिसतो. या पद्धतीवर माझा विश्वास बसला तो या टप्प्याला. कानाने पीक करताना मधल्या कॉइलचा ट्रिमर सर्वांत फसवा वाटतो, आणि इथे तोच सर्वांत नेमका ठरला. सुई उचलली, दरीचा तळ जागचा हलला नाही याची खात्री केली, आणि मग तिसरी कॉइल मोकळी करून वाचन पुन्हा शिखरावर नेले. बस, एवढेच. यानंतर मागे जाऊन पहिल्या ट्रिमरला हात लावायचा नाही. तो मोह होतो खरा, पण तिन्ही मोकळ्या असताना एका वारंवारतेवर थोडे जास्त वाचन मिळवणे म्हणजे आत्ताच केलेली जुळणी मोडणे होय.

त्यानंतर नॅनोव्हीएनए (फिल्टर कोणती वारंवारता किती पुढे सोडतो याचा आलेख काढणारे लहान उपकरण) लावून पूर्ण चित्र पाहिले. १४.००० ते १४.३५० मेगाहर्ट्झ हा सगळा पट्टा सपाट माथ्यावर बसला होता, दोन्ही टोकांतला फरक एका डेसिबलपेक्षा कमी होता आणि फिल्टरमधील तूट सुमारे तीन डेसिबल होती. माथ्याच्या खालच्या बाजूला उतार जास्त तीव्र दिसतो, कारण अशी कपॅसिटरची जोडणी खालच्या वारंवारतांना अधिक अडवते. आपल्याला इमेज खालीच असल्याने हे सोयीचेच आहे.

६ मेगाहर्ट्झला मात्र आलेख उपकरणाच्या तळापर्यंत गेलेला असूनही, बोर्ड संचात बसवून अँटेना लावल्यावर रात्री खालच्या १०० किलोहर्ट्झमध्ये प्रसारण केंद्रांच्या शिट्ट्या ऐकू आल्या. त्या इमेजच्याच आहेत हे ओळखण्याची खूण सोपी आहे. अप्पर साइडबँडवर डायल वर नेली की खऱ्या १४ मेगाहर्ट्झच्या संकेताचा स्वर खाली उतरतो. इमेजचा स्वर वर चढतो. क्रिस्टल फिल्टरच्या वारंवारतेवर थेट शिरणारा संकेत डायल कुठेही असली तरी हलत नाही. माझ्या शिट्ट्या डायलबरोबर वर चढत होत्या आणि १४.१००च्या पुढे गेले की नाहीशा होत होत्या.

म्हणजे ६ मेगाहर्ट्झचा संकेत फिल्टरला वळसा घालून आत येत होता. अशा वेळी ट्रिमरला हात लावून काहीही साधत नाही, कारण दोष जुळणीत नसून मांडणीत असतो. रिलेपासून (विजेवर चालणाऱ्या स्विचपासून) बोर्डापर्यंत येणारी तार मिक्सरजवळून जात होती. तिच्याऐवजी आरजी-१७४ची जाळीने वेढलेली बारीक कोअ‍ॅक्स घातली, तिची जाळी दोन्ही टोकांना अर्थ केली, आणि फिल्टर व मिक्सर यांच्यामध्ये तांब्याच्या बोर्डाची उभी पट्टी सोल्डर केली. शिट्ट्या गेल्या. पट्टी कॉइलच्या जवळ आल्याने जुळणी सरकली आहे का, हे पाहण्यासाठी डब्याचे झाकण लावून पुन्हा आलेख घेतला. झाकणाने मध्य किंचित वर सरकला होता, पण माथ्याची रुंदी पुरेशी असल्याने पट्टा आतच राहिला.

क्रिस्टल फिल्टरबद्दल थोडक्यात. त्यात ट्रिमर नाहीत. चार क्रिस्टल एकमेकांशी जुळणारे निवडले की त्याचा आकार ठरून जातो. जुळवायचा असतो तो बीएफओ, म्हणजे क्रिस्टल फिल्टरमधून आलेल्या संकेताचा पुन्हा आवाज करणारा ऑसिलेटर. अप्पर साइडबँडसाठी तो क्रिस्टल फिल्टरच्या खालच्या कडेला बसवावा लागतो. लॅपटॉपवर हेडफोनच्या आवाजाचा वर्णपट पाहत बीएफओचा ट्रिमर फिरवला आणि नॉइजचा उंचवटा साधारण ३०० हर्ट्झला सुरू होऊन २७०० हर्ट्झच्या आसपास संपेल तिथे थांबवला. हे काम कानानेही होते, पण मराठी बोलणारा आवाज खर्जात दबला की चिरका झाला, हे ठरवताना प्रत्येकाचा कान वेगळे सांगतो. चित्रावर वाद राहत नाही.

रिसीव्हरची संवेदनशीलता तपासायला मला १४.१०० मेगाहर्ट्झवरच्या आंतरराष्ट्रीय बीकनइतके प्रामाणिक साधन दुसरे माहीत नाही. जगभरातली १८ केंद्रे तीन मिनिटांच्या चक्रात पाळीपाळीने दहा-दहा सेकंद बोलतात. प्रत्येक केंद्र आपले कॉलसाइन १०० वॅटवर देते आणि मग एकेका सेकंदाचे चार डॅश पाठवते, पहिला १०० वॅटवर, दुसरा १० वॅटवर, तिसरा एक वॅटवर आणि चौथा एकदशांश वॅटवर. किती डॅश ऐकू आले यावरून वाट किती मोकळी आहे आणि संच किती जागा आहे हे दोन्ही कळते. माझा दहा मीटर लांबीचा डायपोल अँटेना गच्चीवर आहे आणि आसपासच्या एलईडी दिव्यांच्या चोकचा गोंगाट इंदूरमध्ये कोणालाच चुकलेला नाही. तरीही संध्याकाळी श्रीलंकेच्या ४एस७बीचा एक वॅटचा डॅश त्या गोंगाटातून स्पष्ट वेगळा ऐकू आला. १४.१००ची इमेज बरोबर ५.९ मेगाहर्ट्झला पडते हे लक्षात घेता, त्या जागी पार्श्वभूमी स्वच्छ असणे हे मला डॅशइतकेच मोलाचे वाटले.

राहिली प्रक्षेपणाची बाजू. काकांचे टायनीएसए हे वर्णपट दाखवणारे उपकरण आणून संच ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रोधकावर) चालवला आणि रोधकांतून अत्यंत थोडा नमुना त्या उपकरणाला दिला. मायक्रोफोनमध्ये शीळ घातल्यावर १४ मेगाहर्ट्झचा खांब उभा राहिला आणि ६ मेगाहर्ट्झच्या जागी पडद्यावर तळाच्या रेषेपेक्षा वेगळे काही दिसले नाही. "आता अँटेना लाव," असे काका म्हणाले. ट्रिमरच्या कडांवर मेणाचा एकेक थेंब सोडला, नॅनोव्हीएनएच्या आलेखाचा छापील कागद झाकणाच्या आतून चिकटवला आणि त्यावर लिहून ठेवले: कोणतीही एक कॉइल बदलली, तर तिन्ही पहिल्यापासून जुळवाव्यात, दुसरी आणि तिसरी शॉर्ट करून.